सावित्रीची विचारपूस

स्मृतिभ्रंशाच्या व्याधीवर गेल्या वीस वर्षांत निघालेल्या चित्रपटांपैकी काही आम्ही अलीकडे लागोपाठ पाहिले. पाहावयास बसलो ते रसिकाच्या कुतूहलाने. उठलो ते मात्र मनात एक अस्वस्थता घेऊन. ह्या चित्रपटांत रोगी आहे, वैद्य आहे, मुलेबाळे आहेत, जुने प्रेम आहे, समुद्र आहे. एका चित्रपटात तर प्रत्यक्ष हत्तीही आहे. एकच व्यक्ती तेवढी आम्हांस दिसली नाही. रोग्याच्या पत्नीपुढे किंवा पतीपुढे येऊन बसावे, रोग्याची चौकशी झाल्यावर ‘आणि तुमचे कसे चालले आहे?’ असे विचारावे, उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे आणि मग चार उपयोगाच्या गोष्टी सुचवाव्यात, एवढेच जिचे काम, अशी ती व्यक्ती होय. कलाकृतीत जे नाही त्याविषयी लिहिणे हा टीकेचा राजमार्ग नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि कधी कधी रिकामी राहिलेली जागाच कलाकृतीविषयी आणि तिच्या प्रेक्षकांविषयी पुष्कळ काही सांगून जाते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘समाजसेवक’ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे सत्काराचे व्यासपीठ उभे राहते. शाल, श्रीफळ आणि लांबलेले प्रास्ताविक आठवते. ज्याने पदरमोड करून लोकांची कामे केली तो समाजसेवक, अशी आमची समजूत आहे आणि ती समजूत आदरास पात्रही आहे. परंतु समाजकार्य हा रीतसर शिकून करावयाचा व्यवसाय आहे, दुःखी माणसाला प्रश्न कसा विचारावा ह्याचेही एक शास्त्र असते, ही गोष्ट आमच्या बोलीत अजून उतरलेली नाही. वास्तविक ह्या विषयाचे आपल्या देशातील पहिले विद्यालय मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ साली सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. इतक्या वर्षांत आमच्या कथा-कादंबऱ्यांत वैद्य आले, वकील आले, मास्तर आणि मामलेदार आले. घरोघर जाऊन कुटुंबाची घडी बसवून देणारी शिकलेली कार्यकर्ती मात्र आमच्या साहित्याच्या उंबरठ्यावरच उभी राहिली. पडद्यावर तिला जागा मिळाली नाही ह्यात म्हणूनच नवल वाटू नये.

आता एक दृश्य आम्ही वाचकांपुढे ठेवतो. आमच्या देवस्थानांत पालखीच्या दिवशी ते पुष्कळांनी पाहिले असेल. सभामंडपातील खांबाशी एक वृद्ध गृहस्थ बसलेले असतात आणि त्यांचा हात घट्ट धरून शेजारी त्यांची पत्नी. आरतीचा गजर सुरू होतो, गृहस्थ एकाएकी उठतात आणि दाराकडे चालू लागतात. बाई हातातले तीर्थ अर्धेच टाकून त्यांच्यामागे धावतात. त्यांना परत आणून बसवतात. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. घर समोर असतानाही ‘मला घरी जायचे आहे’ हे त्यांचे पालुपद बाई दिवसातून पन्नास वेळा ऐकत असतात. मंडपातली माणसे कौतुकाने मान डोलावतात. ‘धन्य त्या बाईची! साक्षात सावित्री!’ असे म्हणतात आणि मग सारी प्रसादाच्या पंक्तीला जातात. बाई मागे खांबापाशीच राहतात. त्यांना सावित्री म्हटले की आपले कर्तव्य झाले अशी आम्हां सर्वांची भावना असते. ह्या पंक्तीत आम्हीही बसलो आहो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ही उपेक्षा केवळ आमच्याकडची आहे असे मात्र नाही. ज्या जर्मन वैद्याचे नाव ह्या रोगाच्या मुख्य प्रकाराला मिळाले त्या आलोइस आल्त्सहायमर यांच्यापुढे १९०१ साली फ्रांकफुर्ट येथे ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री आणण्यात आली. तिच्या आजाराची सुरुवात पतीविषयीच्या संशयाने झाली होती. विस्मरण, गोंधळ, बोलण्यातली विसंगती ही पुढची लक्षणे. ती १९०६ साली वारली आणि त्याच वर्षी आल्त्सहायमर यांनी तिच्या मेंदूतील बदलांविषयी व्याख्यान दिले. रोगी स्त्री वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाली आणि वैद्यही अजरामर झाला. पत्नीचा संशय ज्याने सोसला, तिला रुग्णालयात सोडून जो रिकाम्या घरी परतला, तो रेल्वेतला साधा कारकून नवरा मात्र टिपणापुरताच उरला. जगात ह्या रोगाची पहिली नोंद झाली तेव्हाच रोग्याच्या जोडीदाराचे विस्मरणही सुरू झाले, असे म्हटल्यास ते फारसे चूक ठरणार नाही.

आणि हा प्रश्न चार-दोन घरांपुरता नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीच्या पुढल्या दर शंभर माणसांत सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे. अशा रोग्यांची एकूण संख्या सुमारे ८८ लाख होते. ह्यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरातच चालते. ती करणारा हात ज्या घरी पत्नीचा वा पतीचा असतो, त्या घरी तो हातही साठी-सत्तरीचाच असतो, हे विसरता कामा नये.

एवढी प्रस्तावना केल्यावर चित्रपटांकडे वळू.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा मराठी चित्रपट आमच्या भाषेचे भूषण आहे. चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून क्षणभर दूर होते, रस्त्याने एक हत्ती जातो, आणि हे ज्ञानवृद्ध गृहस्थ बालकाच्या ओढीने त्याच्यामागे निघून जातात. पुढे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना जेवू घालते, सांभाळते, आणि पंडित तिच्या ठायी आपली आई पाहतात. ह्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होता. रक्ताचे नाते नसलेल्या व्यक्तीकडून आधार मिळू शकतो, हे मर्म ह्या चित्रपटाने अचूक पकडले आहे. परंतु चन्नम्मेची माया रोग्याला मिळते. शहरभर बापाला शोधीत फिरणारी, आपण त्याला एकटे कसे सोडले ह्या अपराधाच्या भावनेने जळणारी इरा हिला कोण सांभाळणार? चित्रपट तिच्या मनाचे पापुद्रे हळुवारपणे उलगडतो, मात्र तिच्यासाठी कोणी चन्नम्मा योजीत नाही.

‘अस्तु’मध्ये मुलगी आहे, आम्हांस शोध होता जोडीदाराचा. तो २००८ सालच्या ‘यू मी और हम’ ह्या हिंदी चित्रपटात आढळतो. पत्नीला हा रोग जडतो आणि नायक पती तिची साथ सोडीत नाही, असे कथानक आहे. येथे योजना अशी की नायक स्वतःच मनोविकारतज्ज्ञ आहे! म्हणजे पती तोच, वैद्य तोच, आणि उपदेश करणाराही तोच. बाहेरच्या कोणाची गरजच राहू नये अशी तजवीज लेखकाने करून ठेवली आहे. अशाने नायकाची उंची वाढते, परंतु प्रश्न तेवढाच खुजा होतो. आमच्या गावातल्या शिक्षकाची पत्नी किंवा किराणा दुकानदाराचा नवरा ह्या नायकापासून काय घेऊन जाईल? ‘तो करू शकला, मग मला का जमत नाही?’ हा एक नवा डाग मनावर घेऊन जाईल, इतकेच.

अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ हा चित्रपट ह्याहून फार वरच्या दर्जाचा आहे. २०२२ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला आणि पुढल्या वर्षी सर्वत्र प्रदर्शित झाला. भाषा हिंदी असली तरी भूमी आमचीच, वेंगुर्ल्याची. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात नोकरी करणाऱ्या शैलजा देसाईला स्मृतिभ्रंशाची चाहूल लागली आहे. सगळे पुसले जाण्यापूर्वी बालपणीचे गाव एकदा पाहावे म्हणून ती पतीसह वेंगुर्ल्याला येते आणि शाळेतला सोबती प्रदीप कामत याला भेटते. शेफाली शाह यांनी शैलजेच्या डोळ्यांत जो आनंद आणि जे भय एकाच वेळी आणले आहे त्याला तोड नाही. जांभ्या दगडाची घरे, पायवाटा, शाळेचे वर्ग आणि समुद्राचा वारा ह्यांना दिग्दर्शकाने सजावटीसाठी राबवलेले नाही. ते जणू शैलजेच्या स्मृतीचेच अवयव झाले आहेत.

परंतु आमचे लक्ष पुनःपुन्हा जात होते ते तिच्या पतीकडे. स्वानंद किरकिरे यांनी दीपांकर देसाई हा विम्याचा व्यवसाय करणारा सज्जन माणूस इतक्या संयमाने उभा केला आहे की तो जवळजवळ अदृश्य व्हावा. दुसऱ्यांच्या आयुष्यातले धोके हिशेबात मांडणारा हा मनुष्य स्वतःच्या घरावर कोसळलेल्या संकटापुढे निःशब्द आहे. बायको जुन्या मित्राबरोबर हसते, त्याच्याबरोबर वाटा तुडवते. हा चार पावले मागून चालतो. त्याला मत्सर वाटतो आणि मत्सर वाटल्याची लाजही वाटते. जी स्त्री आपल्याला उद्या विसरणार तिचे आपल्याला माहीत नसलेले बालपण आज दुसऱ्याच्या ओंजळीत आहे, हे दुःख कोणापुढे मांडावे? पत्नीपुढे मांडता येत नाही, कारण ती रोगी. प्रदीपपुढे तर नाहीच. मुलगा दूर शिकतो आहे. शीर्षकातल्या तिघांपैकी तिसरा खरोखर कोण, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही दीपांकरकडे बोट दाखवू. तो चित्रभर आहे, आणि कोणाच्याच बोलण्याचा विषय नाही.

दिग्दर्शकाने ह्या मौनाचे सौंदर्य केले, आणि कलादृष्ट्या ते उत्तम साधले हे आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. तरीही एक शंका राहते. पडद्यावरचे मौन दोन तासांनी संपते; घरातले मौन दहा-दहा वर्षे चालते. सोसणाऱ्याचे न बोलणे हाच त्याचा मोठेपणा, असा संस्कार आमच्यावर पूर्वीपासून आहे, आणि असे सुंदर चित्रपट तो संस्कार नकळत अधिक गडद करतात. दीपांकर बोलत नाही म्हणून आपण त्याला थोर म्हणतो. वस्तुतः त्याला कोणी विचारलेलेच नाही!

ह्या संदर्भात ‘अवे फ्रॉम हर’ हा २००६ सालचा कॅनडाचा चित्रपट मुद्दाम पाहण्यासारखा आहे. अॅलिस मन्रो यांच्या कथेवरून तो सॅरा पॉली यांनी केला. फियोना आणि ग्रँट हे वृद्ध दांपत्य. स्मृती ढासळू लागल्यावर फियोना स्वतःहून शुश्रूषागृहात जाण्याचे ठरवते. तेथला नियम असा की पहिले तीस दिवस कोणी भेटावयाचे नाही. तीस दिवसांनी ग्रँट फुले घेऊन जातो, तर पत्नीचा जीव तेथल्याच एका रोग्यावर, ऑब्रीवर जडलेला. पती तिला ओळखीच्या पाहुण्यासारखा वाटतो.

येथे क्रिस्टी नावाची परिचारिका आहे. आम्ही शोधीत होतो त्या व्यक्तीची सावली आम्हांस तिच्या ठिकाणी प्रथम दिसली. ती ग्रँटजवळ बसते, रोगाचे स्वरूप सांगते, खोटी आशा देत नाही. आपला संसार एकंदरीत बरा झाला असे ग्रँट म्हणतो तेव्हा ती त्याला सुनावते की आयुष्याच्या शेवटी असे बहुधा पुरुषांनाच वाटते. तुमच्या पत्नीचेही तेच मत असेल काय? तरुणपणी पत्नीशी प्रतारणा केलेल्या ह्या प्राध्यापकाला हा आरसा दाखवणारे दुसरे कोणी नव्हते. क्रिस्टीची ही दोन-चार वाक्ये काढून टाकली तर ग्रँट केवळ दयनीय उरतो. त्या वाक्यांमुळे तो माणूस होतो. बाहेरून आलेल्या एका प्रश्नाने पात्राला किती खोली येते ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

तरी क्रिस्टी परिचारिकाच आहे. तिचे खरे काम रोग्याकडे. ह्याच चित्रपटात ऑब्रीची पत्नी मॅरियन आहे. पतीला कायमचे शुश्रूषागृहात ठेवावे तर राहते घर जाण्याची भीती, म्हणून ती त्याला परत घरी आणते. त्याच्या विरहाने फियोना खंगते आणि ग्रँट मॅरियनकडे विनंती घेऊन जातो. स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेले हे दोन जोडीदार, दोघांचेही वैवाहिक आयुष्य जिवंतपणीच ओसरलेले, एकमेकांशी आधी सौदा केल्यासारखे बोलतात. ह्या दोघांच्या मध्ये तिसरी खुर्ची असती आणि तिच्यावर जाणते माणूस बसलेले असते तर, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. फरक इतकाच की पॉली यांच्या चित्रपटाला ती खुर्ची रिकामी असल्याची जाणीव आहे. आमच्या चित्रपटांना तशी खुर्ची असते हेच ठाऊक नाही.

येथे कोणी रसिक आम्हांस अडवतील. ‘चित्रपट म्हणजे आरोग्य खात्याचे माहितीपत्रक नव्हे. उद्या तुम्ही प्रत्येक शोकांतिकेत सरकारी कार्यकर्त्याला आणून बसवाल, मग करुणरसाचे काय होणार?’ आक्षेप रास्त आहे. उपदेशासाठी पात्र घुसडल्याने कलाकृतीची कशी माती होते हे आमच्या बोधप्रद नाटकांनी पुष्कळदा दाखवून दिले आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. मदत करणारे माणूस आले म्हणून दुःख कमी नाट्यमय होत नाही. उलट, ज्याला आजवर कोणी विचारले नाही त्याला प्रथमच कोणी विचारते, तो क्षण अत्यंत नाट्यपूर्ण असतो. दहा वर्षे न रडलेली स्त्री ‘रात्री झोप किती लागते?’ एवढ्या साध्या प्रश्नावर कोसळते. ‘कधी कधी वाटते, हे लवकर सुटले तर बरे, माझ्यासारखी पापिणी मीच’ असे ती बोलून जाते, आणि समोरची व्यक्ती दचकत नाही, कारण हे वाक्य तिने अनेक घरांत ऐकलेले असते. हे पाप नव्हे, थकवा आहे, असे ती सांगते. ह्याहून मोठा प्रसंग कोणत्या नाटककाराला हवा आहे?

अशी माणसे कल्पनेतलीच आहेत असेही कोणी म्हणू नये. न्यूयॉर्क विद्यापीठात १९८७ पासून ह्या रोगाच्या रोग्यांच्या केवळ पती-पत्नींसाठी एक उपक्रम चालला. समाजकार्यात किंवा तत्सम विषयात उच्च शिक्षण घेतलेले सल्लागार ह्या जोडीदारांना भेटत. सहा बैठका होत: दोन एकट्याशी आणि चार घरातल्या इतर माणसांसमवेत. कौटुंबिक बैठकीत रोग्याला बसवीत नसत. कारण ती बैठक सेवा करणाऱ्यासाठी होती. धाकटा दीर रविवारी येऊन बसेल काय, मुलगी महिन्यातून दोन रात्री राहील काय, अशा गोष्टी तेथे ठरत. पुढे समदुःखी जोडीदारांचा गट आणि अडेल तेव्हा दूरध्वनीवरून सल्ला. २००६ साली ४०६ जोडीदारांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ज्यांना हा आधार मिळाला त्यांनी रोग्याला शुश्रूषागृहात पाठवण्याची वेळ इतरांच्या मानाने सरासरीने सुमारे ५५७ दिवस लांबणीवर टाकली. म्हणजे दीड वर्ष रोगी आपल्या माणसांत अधिक राहिला, तेही औषधाने नव्हे, जोडीदाराला विचारल्यामुळे.

अमेरिका दूर आहे, असे म्हणावे तर गोव्याकडे पाहू. गोव्यातील दोन तालुक्यांत ‘सांगात’ ही संस्था आणि गोव्याची डिमेन्शिया सोसायटी ह्यांच्याशी संबंधित मंडळींनी असाच प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ह्यात ८१ कुटुंबे होती. त्यांपैकी ४१ कुटुंबांना सहा महिने घरी येणाऱ्या सल्लागाराची भेट मिळाली, बाकीच्यांशी तुलना करण्यात आली. हे सल्लागार मोठमोठ्या पदव्यांचे नव्हते. स्थानिक भाषा जाणणारे, माणसांत मिसळणारे, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते. मार्गदर्शनाला समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ मागे उभे होते. रोगाची माहिती सांगावी, रोगी चिडला असता वाद न घालता लक्ष कसे वळवावे हे दाखवावे, घरच्यांचे ऐकून घ्यावे, असे त्यांचे काम. सेवा करणाऱ्यांत सगळेच पती-पत्नी नव्हते. मुली आणि सुनाही होत्या. निष्पत्ती अशी की रोग्याच्या स्थितीत ठामपणे सांगता येईल असा फरक आढळला नाही, परंतु सेवा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रोग्याच्या वागण्याचा त्यांना होणारा जाच कमी झाला. संस्थेचे नावच पाहा. सांगात म्हणजे सोबत. हा शब्द आमच्या कोकणी वाचकांस उलगडून सांगण्याची गरज नाही. जी व्यक्ती आम्ही पडद्यावर शोधीत होतो ती आमच्याच वाड्यावरून चालत गेली होती, आणि आमच्या एकाही कथाकाराच्या नजरेस पडली नाही!

आता पुन्हा सावित्रीकडे येऊ. त्या बाईंना आपण सावित्री म्हणतो, पण महाभारतातल्या वनपर्वातली कथा आपण नीट आठवतो काय? सत्यवानाचे प्राण घेऊन यम दक्षिणेकडे निघाला आणि सावित्री त्याच्यामागून चालू लागली. ‘परत फिर’ असे त्याने सांगितले, हे खरे. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. तिचे बोलणे त्याने ऐकून घेतले आणि म्हटले, सत्यवानाचे प्राण सोडून हवा तो वर माग. तिने आंधळ्या सासऱ्यांसाठी दृष्टी मागितली, त्यांचे गेलेले राज्य मागितले, पित्यासाठी पुत्र मागितले. पतिव्रतेची निष्ठा एवढेच आपण ह्या कथेतून उचलले. सावित्रीला कोणी तरी ‘काय हवे?’ असे विचारले होते, आणि ते विचारणारा प्रत्यक्ष यम होता, हा भाग आपण सोयीस्करपणे गाळला. आमच्या मंडपातल्या सावित्रीला मात्र आपण नुसतेच धन्य म्हणतो.

‘प्राण सोडून हवे ते माग’ ह्या अटीतच ह्या व्याधीचे सारे मर्म आहे असे आम्हांस वाटते. हा रोग बरा करणारे औषध आज वैद्यांपाशी नाही. गेलेली स्मृती कोणी परत आणून देत नाही. कथेच्या शेवटी सावित्रीने प्राणही मिळवले, तो शेवट येथे नाही. परंतु ते एक सोडून बाकी मागण्यासारखे आणि देण्यासारखे पुष्कळ आहे. अखंड झोपेची एक रात्र देता येते. आठवड्यातली एक मोकळी दुपार देता येते. सही करता येत आहे तोवर बँकेचे कागद मार्गी लावून देणे, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला वेळेवर देण्याची व्यवस्था करणे, दाराला रोग्याच्या लक्षात न येणारी कडी बसवणे, नातेवाइकांना एकत्र बसवून कामाची वाटणी करणे, ही सारी वरदानेच आहेत. समाजकार्यकर्ती ही वरदाने देवत्वामुळे देत नाही; तिला प्रश्न विचारता येतो आणि उत्तराचे पुढे काय करायचे हे तिने शिकून घेतलेले असते.

टीकालेखाच्या शेवटी सूचना करण्याची प्रथा नाही. तरी हे मासिक ज्यांच्या हाती जाते ते बहुतेक एखाद्या देवस्थानाशी जोडलेले असतात, म्हणून ती मोडतो. आमच्या अग्रशाळांतल्या खोल्या वर्षातले कित्येक दिवस रिकाम्या असतात. महिन्यातून एका सकाळी त्यांतली एक खोली अशा जोडीदारांसाठी उघडावी, शिकलेल्या कार्यकर्तीला तेथे बोलवावे, आणि तेवढा वेळ रोग्यापाशी भजनी मंडळातल्या दोघांनी बसावे. जुने अभंग ऐकताना ज्यांना स्वतःच्या मुलांची नावे आठवत नाहीत तेही कधी कधी सूर धरतात. ह्याला फार द्रव्य लागत नाही. आमच्या लेखकांनीही त्या खोलीच्या दाराशी एकदा बसावे. कथेसाठी त्यांना दूर जावे लागणार नाही.

‘अस्तु’ ह्या शब्दाचा अर्थ ‘असो, तसे होवो’. रोगापुढे असे म्हणावेच लागते आणि ते म्हणण्यात धैर्य आहे. जोडीदाराच्या एकाकीपणापुढे मात्र आपण इतक्या लवकर ‘अस्तु’ म्हणू नये. पुढल्या पालखीला खांबाशी बसलेल्या त्या बाई पुन्हा दिसतील. त्या वेळी नमस्कार करून पंक्तीकडे वळण्यापूर्वी आपण त्यांच्यापाशी क्षणभर टेकावे, यजमानांचा हात आपल्या हाती घ्यावा, त्यांना तीर्थ पुरते घेऊ द्यावे, आणि आमच्या कोकणीत विचारावे: ‘आनी तुमची भलायकी कशी आसा?’